अर्धा अंश

प्रश्न फक्त अर्ध्या अंशाचा होता. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचं आतलं तापमान साडेअडतीसवर गेलं की त्याला थंड खोलीत पाठवायचं, की एकोणचाळीसपर्यंत वाट पाहायची? उष्मा सुरक्षा विधेयकाचा बाकी मसुदा लिहून झाला होता. एका कलमात आकड्याची जागा तेवढी रिकामी होती आणि तो आकडा सुचवायचं काम डॉ. नेत्रा बिराजदारकडे होतं.

नेत्रा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मानवी शरीर आणि उष्णता या विषयावर काम करायची. तापपट्टी तिच्याच गटानं तयार केली होती. बँडेजसारखी पातळ पट्टी, गळ्याखाली छातीच्या हाडावर चिकटवायची. तोपर्यंत शरीराच्या आतलं तापमान नीट मोजायचं तर नळी घालावी लागे, नाहीतर यंत्र असलेली गोळी गिळावी लागे. पाळीवर येणाऱ्या शेकडो माणसांना रोज कोण गोळ्या गिळायला लावणार? पट्टी कातडीतून बाहेर पडणारी उष्णता मोजायची, सोबत हृदयाचे ठोके मोजायची आणि त्या दोन्हींवरून आत काय चाललंय याचा अंदाज बांधायची. अंदाज बहुतेक वेळा अगदी बरोबर निघायचा. ठरवलेली मर्यादा ओलांडली की पट्टी थरथरायची, पर्यवेक्षकाच्या पडद्यावर लाल ठिपका यायचा आणि त्या माणसाला वीस मिनिटं थंड खोलीत बसवावं लागायचं.

अशा पट्टीची गरज का पडली, हे सोलापूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं. ऊन त्यांना नवं नव्हतं. पण पूर्वीचं ऊन कोरडं असायचं. घाम आला की वाळायचा आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जायचा. आता एप्रिल संपता संपता हवेत दमटपणा भरायला लागला होता. घाम नुसताच ओघळायचा, अंग थंड व्हायचं नाही. सदतीस अंशांना शरीर निवांत असतं, अडतीसला कामाला लागलेलं असतं. साडेअडतीसच्या पुढे हृदयाला एकाच वेळी दोन मालकांची चाकरी करावी लागते, स्नायूंनाही रक्त द्यायचं आणि कातडीलाही. एकोणचाळीसच्या पुढे माणूस भलतंच बटण दाबायला लागतो. चाळीसच्या पुढे गेलेल्याला परत आणणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

हे सगळं विज्ञान झालं. पण रिकामी जागा भरायला तेवढं पुरेसं नव्हतं, कारण हिमवर्धन कॉम्प्रेसर्स नावाची कंपनी जागा शोधत होती. एसीला लागणारे कॉम्प्रेसर करणारा मोठा कारखाना. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतायचं काम, म्हणजे सगळा हॉलच तापलेला. कंपनीनं दोन जागा पाहून ठेवल्या होत्या. एक अक्कलकोट तालुक्यातल्या माळहिप्परगे गावाची, दुसरी सीमेपलीकडे, शेजारच्या राज्यात. मध्ये जेमतेम तासाभराचं अंतर. ऊन तेच, पाणी सारखंच, रेल्वेही तीच. वेगळा होता तो फक्त कायदा, आणि दोन्ही राज्यांचे कायदे अजून मसुद्यातच होते.

पलीकडच्या राज्याचा मसुदा गिरिजाच्या टेबलावर होता. गिरिजा म्हणजे नेत्राची थोरली बहीण, तिची अक्का. लग्न होऊन ती पलीकडे गेली आणि तिथल्या कारखाना सुरक्षा खात्यात अधिकारी झाली. बिराजदारांच्या घरात निम्मं बोलणं कानडीतच चालायचं, त्यामुळे तिला ते राज्य परकं कधी वाटलंच नाही.

चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला दोघी अक्कलकोटला आल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर त्या मागच्या खोलीत उरलेल्या शेंगापोळ्या डब्यात भरत बसल्या.

"तुमच्याकडं किती धरायलेत?" अक्कानं विचारलं.

"अजून रिकामंच आहे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडंबी रिकामंच. सगळे एकमेकांकडं बघत बसलेत." अक्कानं डब्याचं झाकण दाबलं. "तू त्यातलं शिकलीस. खरा आकडा कुठला, सांग."

"साडेअडतीस. तरणं, सरावलेलं शरीर एकोणचाळीसला टिकतं गं. पण कारखान्यात सगळेच तरणे नसतात. कुणाला साखर असते, कुणाला बीपीच्या गोळ्या चालू असतात. त्यातल्या काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत. मग पट्टीला वाटतं, आत सगळं ठीक आहे. तो अर्धा अंश म्हणजे आम्हाला जे माहीत नाही, त्याच्यासाठी सोडलेली जागा आहे."

"मग झालं की. तू साडेअडतीस धर, मीबी तेवढंच धरते. दोन्हीकडं सारखंच असलं तर कंपनी बघंल पाणी, बघंल रस्ता. माणसाचं अंग किती तापवू देताय, ते बघून तरी जागा ठरवायची नाही."

"असं आपापसात ठरवणं नियमात बसतं का, अक्का?"

"नाही बसत. पण चूक आहे का?"

नेत्रानं मान हलवली. चूक नव्हतं. दोघींनी ठरवलं आणि पुन्हा डबे भरायला लागल्या.

मुंबईत समितीची शेवटची बैठक भरली, तेव्हा विभागाचे सचिव कोठावदे यांनी सगळ्यांसमोर तराजूचा निकाल ठेवला. तराजू हा एका सल्लागार संस्थेचा संगणक कार्यक्रम. राज्याराज्यांतली विधेयकं, अधिसूचना, मसुदे तो छापून येताच वाचायचा आणि कुठल्या कलमानं कुठल्या मालाची किंमत किती वाढेल ते काढून द्यायचा. पूर्वी कंपन्यांना हे कळायला दोन-तीन वर्षं लागायची, आता दुपारच्या जेवणाच्या आत कळायचं. आणि कंपन्यांना कळायचं म्हणून सरकारांनाही कळून घ्यावं लागायचं.

"साडेअडतीस धरलं, तर उन्हाळ्यात दर तिसऱ्या दुपारी काम बंद पडतं," कोठावदे म्हणाले. "एकोणचाळीस धरलं, तर क्वचित. आणि पलीकडे एकोणचाळीस होतंय, असं कळलंय."

"कुणाकडून कळलं?" नेत्रानं विचारलं.

"कळलंय, मॅडम."

ती पाच मिनिटं मागून बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि अक्काला फोन लावला.

"कोण म्हणतं एकोणचाळीस?" अक्का म्हणाली. "साडेअडतीस लिहून मी वर पाठवलंयसुद्धा. का गं?"

"काही नाही. सहज."

"नेत्रा, आपलं ठरलंय ते ठरलंय ना?"

"हो."

ती आत आली. कोठावदे काही वाईट नव्हते. ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुमचाच तालुका आहे. अडीच हजार पोरापोरींना घराजवळ काम मिळेल. ते सगळे पुण्याला खोल्या करून राहतात आणि सणाला घरी येतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि सरावलेलं शरीर एकोणचाळीस अंशांपर्यंत सुरक्षितपणे काम करू शकतं, हे तुमच्याच निबंधात आहे ना?"

निबंधात ते होतं. त्याच्या पुढच्या वाक्यात असंही होतं, की प्रयोगात घेतलेले सगळे चाळिशीच्या आतले, निरोगी, कुठलंही औषध न घेणारे पुरुष होते.

समितीतले सगळे तिच्याकडे पाहत होते. अक्का एका जिल्ह्याची अधिकारी, वरचे लोक तिचा आकडा बदलू शकतात, असं नेत्राच्या मनात आलं. ते आपण मुद्दाम मनात आणतोय, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तिला माळहिप्परग्याचं ओसाड माळरान दिसलं, त्यावर उभा राहिलेला कारखाना दिसला आणि हा आमच्या नेत्रानं आणला, असं चारचौघांत सांगणारे वडील, अप्पा, दिसले.

"हो," ती म्हणाली, "निबंधात आहे."

पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. रिकाम्या जागेत एकोणचाळीस आलं.

त्यानंतर पलीकडच्या विधानसभेत विधेयक मंजूर झालं, ते साडेअडतीसचंच. कुणीही काही बदललं नव्हतं. हिमवर्धननं दुसऱ्याच आठवड्यात माळहिप्परग्याचं नाव जाहीर केलं. त्याच सकाळी अक्काचा फोन आला.

"पेपरात आलंय ते खरं का?"

"अक्का, मला इथं सांगितलं, की तुमच्याकडे एकोणचाळीस होतंय..."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं."

"मग मी काय सांगितलं होतं?"

अक्कानं फोन ठेवला. पुढे महिन्याभरात कारखाना घालवणारी बाई म्हणून अक्काची बदली जिल्ह्याच्या जुन्या दप्तराच्या विभागात झाली. हे नेत्राला अप्पांकडून कळलं. अप्पांना दोघींमधलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं, की धाकटीचा माळहिप्परग्यात सत्कार झाला आणि थोरली आली नाही.

कारखाना सुरू झाला. माळावर दिवे लागले, खानावळी निघाल्या, सकाळ-संध्याकाळ बसगाड्या धावायला लागल्या. त्यातल्या दोन गाड्या सीमेपलीकडून भरून यायच्या. त्यातल्या एका गाडीनं अक्काची नणंद महादेवीही यायची. नवरा वारलेला, पदरात श्रुती नावाची कॉलेजात जाणारी मुलगी. चाळिशी ओलांडलेल्या बाईला दुसरीकडे कुणी कामावर घेत नव्हतं, हिमवर्धननं घेतलं. साच्यातून निघालेल्या गरम भागाच्या कडा साफ करायचं काम. नेत्रा एकदा कारखाना पाहायला गेली, तेव्हा महादेवीनं हॉलमधूनच हात हलवला होता. "नेत्रा, तुझी पट्टी बघ की," असं म्हणत तिनं साडीवर घातलेल्या निळ्या कोटाची कॉलर बाजूला करून पट्टी दाखवली होती. नेत्रा हसली होती आणि तिनं महादेवीला काहीही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, हे तिला पुढे शंभरदा आठवलं.

पहिल्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी महादेवी यंत्रासमोर कोसळली. पट्टी थरथरली नव्हती. पडद्यावर तिचा ठिपका शेवटपर्यंत हिरवाच होता, अडतीस पूर्णांक आठ. सोलापूरच्या दवाखान्यात मोजलं, तेव्हा शरीराच्या आत एकेचाळीसच्या वर होतं. बर्फात ठेवून, सलाइन लावून डॉक्टरांनी तिला वाचवलं. पण मेंदूचा तोल सांभाळणारा मागचा भाग उष्णतेनं जळाल्यासारखा झाला होता. तो भाग पुन्हा उगवत नाही.

नेत्रा पोचली, तेव्हा अक्का अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसली होती. दीड वर्षात दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"तिला कुठल्या गोळ्या चालू होत्या?" नेत्रानं विचारलं.

अक्कानं पिशवीतून अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. ठोके वाढू न देणारी गोळी. आत अंग तापत गेलं, हृदय मात्र गोळीनं धरून ठेवल्यासारखं संथ राहिलं आणि तापपट्टीनं त्या संथ ठोक्यांवर विश्वास ठेवला. मर्यादा साडेअडतीसची असती, तर महादेवी तासभर आधीच थंड खोलीत बसली असती.

"हे तुला माहीत होतं," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तूच मला सांगितलेलं. पोळ्या भरताना."

"हो."

"तिथं का नाही सांगितलंस?"

नेत्रा गोळ्यांकडे पाहत राहिली. "सांगितलं असतं, तर कारखाना आला नसता."

"म्हणजे आमच्याकडं आला असता. असंच ना?"

नेत्रानं मान खाली घातली. अक्का उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली.

चौकशी झाली. कंपनीनं पट्ट्या दिल्या होत्या, थंड खोली होती, पाणी होतं, नोंदी चोख होत्या. कायद्यानं कुणाचीच चूक निघाली नाही. कोठावद्यांना तज्ज्ञाचा शेवटचा अभिप्राय तेवढा हवा होता, की मर्यादा शास्त्राला धरून आहे.

"नाही," नेत्रा समितीसमोर म्हणाली. "ती शास्त्राला धरून नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं." आणि दोन वर्षांपूर्वी गिळलेलं वाक्य तिनं सगळ्यांसमोर पुरं केलं.

कोठावदे म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगितलं असतंत, तर आम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण आता तुम्ही आम्हाला पर्याय ठेवला नाहीत."

वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला, समितीतून नेत्राला राजीनामा द्यावा लागला आणि पावसाळी अधिवेशनात दुरुस्ती मंजूर झाली. साडेअडतीस. नेत्राला त्या रात्री पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

ती झोप फार टिकली नाही. कारखाना हातचा गेल्यापासून पलीकडचं राज्यही शिकलं होतं. तिथं दुरुस्तीचा मसुदा तयारच होता, आणि त्यात आकडा होता एकोणचाळीस. अक्काच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं तो लिहिला होता आणि आधाराला शेजारच्या राज्याच्या जुन्या कायद्याचा, म्हणजे नेत्राच्याच कलमाचा दाखला दिला होता. तराजूनं नवा निकाल दिला आणि हिमवर्धननं निम्मी यंत्रं पलीकडे हलवायचं जाहीर केलं.

माळहिप्परग्याच्या काही बाया अक्कलकोटला अप्पांच्या दारात आल्या. नेत्रा घरीच होती. त्यांच्यातली एक, सुगलाबाई नावाची, पुढे होऊन म्हणाली, "ताई, तुमीच आणलाव. आता तुमीच घालवायलाव. मधल्यामधी आमी काय करायचं, ते सांगा."

"तुमच्या जिवाला धोका होता, सुगलाबाई."

"धोका आता गेला व्हय? पोरं तितं जाऊन त्याच गरमीत काम करणार. आमाला मात्र या वयात तितली गाडीबी मिळणार नाई."

बाया गेल्या. अप्पा आत खुर्चीत बसून होते. सगळं त्यांना आता कळलेलं होतं. ते नेत्राला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "गिरिजेला दोन वर्षं मी हट्टी समजत होतो." त्यानंतर ते संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर जाईनासे झाले.

पलीकडच्या दुरुस्तीवर जनसुनावणी होती. कुणीही येऊन हरकत नोंदवावी, असं जाहीर झालं होतं. नेत्रा एकटीच गेली. नगरपालिकेचं सभागृह भरलेलं होतं, बहुतेक नोकरीची आशा असलेले तरुण. व्यासपीठावर तीन अधिकारी. नेत्राची पाळी आली, तेव्हा ती कानडीत बोलली. लहानपणी घरात बोलायची तसल्या साध्या कानडीत.

"तुमच्या मसुद्यात जो आकडा आहे, तो मूळ मी दिलेला आहे. तो खोटा आहे. निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगातून तो आलाय. तो सगळ्यांना लावला, म्हणून महादेवी नावाची तुमच्याच गावची बाई आज धड उभी राहू शकत नाही. मी केलं तेच तुम्ही करू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्ही त्या राज्याच्या समितीवर होता ना?"

"होते. आता नाही."

"तुमच्याकडे कारखाना यायचा होता, तेव्हा एकोणचाळीस चाललं. आता कारखाना आमच्याकडे येतोय, तर एकोणचाळीस खोटं झालं?"

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तो माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. तिच्याकडे आकडे होते, आलेख होते, पण तिच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आता एका राज्याचा शब्द झाला होता. विज्ञान तिच्याजवळ उरलंच नव्हतं.

"ती खरं बोलतीय."

डावीकडच्या रांगेतून अक्का उठून उभी राहिली होती. ती येणार आहे, हे नेत्राला माहीत नव्हतं.

"मी गिरिजा. याच खात्यात आहे. पहिला मसुदा मी केला होता. ही माझी धाकटी बहीण. दोन्हीकडं साडेअडतीसच ठेवायचं, असं आमच्या दोघींचं ठरलं होतं. तिनं मोडलं, मी नाही मोडलं. म्हणून मला सांगायचा हक्क आहे. आकडा साडेअडतीसच बरोबर आहे."

अध्यक्षांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "शासकीय मसुद्यातली माहिती तुम्ही दुसऱ्या राज्याच्या व्यक्तीला दिली होती, असं तुम्ही सांगताय?"

"होय," अक्का म्हणाली आणि खाली बसली.

बाहेर पडल्यावर नेत्रा तिच्यामागे जवळजवळ धावत गेली. "अक्का, तू का बोललीस? आता तुझी नोकरी..."

"तुझ्यासाठी नाही बोलले," अक्का न थांबता म्हणाली. "तू एकटी बोलली असतीस, तर ते खोटंच ठरलं असतं. म्हणून बोलले."

तिची चौकशी लागली आणि अर्ध्या पगारावर ती घरी बसली. सुनावणीचा उपयोग झाला, पण तो असा झाला: कायद्यात दोन मर्यादा आल्या. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि औषधं चालू असलेल्यांना साडेअडतीस, बाकीच्यांना एकोणचाळीस. कागदावर ते नेत्राच्या निबंधाशी बरंचसं जुळत होतं. तराजूनं ते वाचलं आणि त्यातून निघणारा अर्थ कंपनीला सांगितला. हिमवर्धननं पलीकडच्या कारखान्यात चाळिशीच्या आतली, कुठलीही गोळी न घेणारी माणसंच भरती केली. सुगलाबाईसारख्या बायांना दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले. ज्यांना गोळ्या चालू होत्या, त्यांतल्या काही जणी ते लपवून कामाला लागल्या, अशीही कुजबुज नेत्राच्या कानावर आली.

नेत्रा आता दर रविवारी पुण्याहून पलीकडे अक्काच्या घरी जाते; महादेवी आता तिथंच असते. अक्कानं तिला ये म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा दार उघडलं, तेव्हा ती फक्त बाजूला सरली आणि म्हणाली, "आलीयस तर एका बाजूनं धर तिला. मला एकटीला पेलत नाही."

घराजवळच्या शाळेच्या मैदानावर दोघी महादेवीला चालवतात. एका बाजूनं अक्का, दुसऱ्या बाजूनं नेत्रा. महादेवीचे पाय शक्ती असूनही भलतीकडे पडतात. शब्द जिभेवर अडखळतात, अर्ध्या वाटेत लांबतात. पण तिला समजतं सगळं. आकड्याचं, मोडलेल्या शब्दाचंही अक्कानं तिला सांगितलेलं आहे. त्यावर महादेवी नेत्राला आजवर एक अक्षर बोललेली नाही.

गेल्या रविवारी मैदानाला अर्धी फेरी झाल्यावर ती थांबली.

"नेत्रा," ती म्हणाली, "श्रुतीला... घेतलं... कंपनीनं."

नेत्रानं अक्काकडे पाहिलं. अक्कानं मान हलवली. श्रुतीनं शिक्षण सोडलं होतं. मायलेकींत आता दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

"ती तरणी आहे," महादेवी म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "गोळी... नाही. तुला... कळतं त्यातलं. तिला काही... होणार नाही ना?"

हो म्हणणं सोपं होतं. निबंधही तेच सांगत होता. अक्का नेत्राच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"होऊ शकतं," नेत्रा म्हणाली. "ताप येऊन गेला असेल, रात्री झोप झाली नसेल, पाणी कमी प्यायली असेल, तर तरण्या माणसालाही होऊ शकतं. पट्टी दर वेळी सांगेलच असं नाही, महादेवीताई. मी सांगू शकत नाही."

महादेवीनं आपला हात नेत्राच्या हातातून सोडवून घेतला. अक्काचाही सोडवला. एकटीनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिसऱ्या पावलाला तिचा तोल गेला. तिनं हवेत आधार शोधला आणि हाताशी आला तो नेत्राचाच दंड. तिनं तो धरला, घट्ट, बोटं रुतेपर्यंत, आणि नेत्राकडे न बघता पुढे चालायला लागली.